पत्ता आणि पत
वेबसाइटच्या पत्त्याचा सर्च इंजिनमधल्या क्रमावर किती परिणाम होतो, याचा आढावा

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले वेलणकर टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतमध्ये काव्यलेखन करत. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, अपुरी माहिती यांमुळे पत्रे भलतीकडे जात. महाराष्ट्रातच वडगावे किती! वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ, वडगाव शेरी. सहा अंकांनी हा घोळ बराच मिटवला. पण पिनकोडमुळे पत्रातला मजकूर सुधारला नाही, की ४११ने सुरू होणारे पुण्याचे पत्र ४०३ने सुरू होणाऱ्या गोव्याच्या पत्रापेक्षा मोलाचे ठरले नाही. पत्र नेमक्या दारात पोहोचवायचे, एवढेच पिनकोडचे काम होते आणि ते फार मोठे होते.

वेबसाइटच्या पत्त्याची, म्हणजे यूआरएलची, गोष्ट बरीचशी अशीच आहे. पत्त्यात अमुक शब्द घातला, तमुक रेघ वापरली, पत्ता आखूड ठेवला की गूगलवर पान वर येते, हा समज गेली पंचवीस वर्षे टिकून आहे. त्यापायी दुकानदार पैसे खर्च करतात, संपादक जुने दुवे मोडतात आणि नव्याने लिहिणारे उगाच धास्तावतात. म्हणून या प्रश्नाकडे एकदा सलग पाहायला हवे. त्यासाठी तीन प्रकारचे पुरावे मी वेगवेगळे धरले आहेत : सर्च इंजिनांनी स्वतः सांगितलेले, बाहेरच्या अभ्यासकांनी मोजलेले, आणि न्यायालयातून किंवा फुटलेल्या कोडमधून उघड झालेले. तिन्ही एकत्र ठेवले की चित्र पुरेसे स्पष्ट होते. पत्त्यातल्या शब्दांना वजन फार थोडे आहे. पत्ता एकच असणे आणि तो टिकणे, याला मात्र फार मोठे आहे.

पत्त्याचे अवयव

टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूआरएलची रीतसर व्याख्या डिसेंबर १९९४मध्ये नोंदवली आणि २००५मध्ये ती आजच्या रूपात आली. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस हा प्रोटोकॉल येतो. त्यानंतर डोमेन, म्हणजे साइटचे नाव. डोमेनच्या आधी कधी सबडोमेन जोडलेले असते. पुढे तिरप्या रेघांनी तोडलेला फोल्डरांचा मार्ग आणि त्याच्या टोकाला त्या पानाचे नाव, ज्याला या व्यवसायात 'स्लग' म्हणतात. प्रश्नचिन्हानंतर पॅरामीटर, म्हणजे पानाला दिलेल्या जादा सूचना, येतात आणि अगदी शेवटी, हॅशच्या चिन्हानंतर, पानातल्या विशिष्ट जागेची खूण.

या सगळ्यांत लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच. माणसाला पत्ता वाक्यासारखा दिसतो, यंत्राला तो किल्लीसारखा दिसतो. डोमेनमधले रोमन अक्षर लहान असो की मोठे, फरक पडत नाही. पण मार्गात तोच बदल केला की तांत्रिकदृष्ट्या पत्ता वेगळा झाला. शेवटी तिरपी रेघ असणे आणि नसणे हेदेखील दोन पत्ते. पुढचे बरेचसे घोळ इथूनच सुरू होतात.

समज आला कुठून?

हा समज निराधार जन्मलेला नाही. नव्वदच्या दशकातली सर्च इंजिने प्रामुख्याने शब्द मोजत : पानात, शीर्षकात आणि पत्त्यातही. १९९८मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी स्टॅनफर्डमधून पेजरँकची मांडणी केली. एखाद्या पानाकडे कोण बोट दाखवते यावरून त्याची पत ठरवायची, ही त्यामागची कल्पना. पण दुव्यांना पत आली आणि पत्त्यातल्या शब्दांना आडवाटेने आणखी महत्त्व मिळाले. लोक अनेकदा नुसता पत्ता चिकटवून दुवा देतात. पत्त्यात शब्द असतील तर तेच दुव्याचा मजकूर बनतात, आणि दुव्याचा मजकूर गूगल गांभीर्याने वाचत असे.

दुसरे कारण प्रश्नचिन्हाचे. २०००च्या सुमारास अनेक साइट प्रत्येक पाहुण्याला वेगळा सेशन क्रमांक देत आणि तो पत्त्याला जोडत. सर्च इंजिनचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्रॅम, दर फेरीला नवा पत्ता पाही आणि त्याच पानांत गुरफटे. म्हणून प्रश्नचिन्ह असलेले पत्ते सर्व सर्च इंजिने नीट वाचतीलच असे नाही, असा इशारा गूगलच्या जुन्या मार्गदर्शनातच होता. पुढे क्रॉलर सुधारले. सप्टेंबर २००८मध्ये गूगलने उलट सांगायला सुरुवात केली की पॅरामीटर असलेले पत्ते आम्ही वाचू शकतो, त्यांना ओढूनताणून साधे रूप देण्याच्या खटाटोपात चुका करू नका. इशारा लोकांच्या लक्षात राहिला, दुरुस्ती राहिली नाही.

तिसरे कारण सर्वांत ठळक. लोक शोधत तेच शब्द जसेच्या तसे डोमेन म्हणून विकत घेतले की सुमार पानेही वर येत. त्यातून अशा नावांचा बाजार उभा राहिला. २८ सप्टेंबर २०१२ रोजी गूगलचे मॅट कट्स यांनी या प्रकारावरचा बदल जाहीर केला. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे त्यांनी सांगितले. डोमेनमध्ये शब्द असणे हा गुन्हा ठरला नाही, पण निव्वळ नावाच्या जोरावर सुमार पानाला मिळणारी बढती थांबली. २०१५च्या जुलैत गूगलने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : डॉटनंतरच्या नव्या शेपटांत शब्द असला म्हणून क्रमात फायदा मिळत नाही.

शब्दांचे वजन किती?

मग आज मार्गातल्या शब्दांना काहीच किंमत नाही का? थोडी आहे. गूगलचे जॉन म्युलर यांनी २०१६मध्ये पत्त्यातल्या शब्दांना क्रम ठरवणारा अगदी लहान घटक म्हटले आणि नंतरही वेळोवेळी तेच सांगितले. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. क्रॉलरला एखादा पत्ता प्रथम सापडतो तेव्हा पान वाचून झालेले नसते. तेव्हा पत्त्यातले शब्द हाच एक धागा हाती असतो. पान वाचले की मजकूर, शीर्षक, दुवे असा भरघोस पुरावा मिळतो आणि तो धागा जवळजवळ निरुपयोगी होतो. घराच्या दारावरची पाटी वाचून आत कोण राहते याचा अंदाज बांधता येतो, पण आत जाऊन चहा घेतल्यावर पाटीचे काम उरत नाही.

सर्च इंजिन स्वतःबद्दल सांगते ते जसेच्या तसे धरू नये, हा आक्षेप रास्त आहे. कोणते गुण कशाला मिळतात हे उघड केले तर लोक ते लाटायला बसतील, म्हणून मोघम बोलण्यात कंपनीचे हित आहे. त्यामुळे बाहेरची मोजमापेही पाहायला हवीत. त्यांतले बरेच उद्धृत होणारे २०२०चे आहे. बॅकलिंको या संस्थेने १ कोटी १८ लाख शोधनिकाल तपासले. पहिल्या क्रमांकावरचा पत्ता दहाव्या क्रमांकावरच्या पत्त्यापेक्षा सरासरी ९.२ अक्षरांनी आखूड निघाला. यावरून 'आखूड पत्ता वर जातो' असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो चूक आहे. साइटचे मुखपृष्ठ हा तिचा सर्वांत आखूड पत्ता असतो आणि सर्वाधिक दुवेही त्यालाच मिळतात. जुन्या, नावाजलेल्या साइटची मुख्य पानेही आखूड पत्त्यांची असतात. पत्ता आखूड असणे आणि पान वर असणे ही दोन्ही पत कमावल्याची लक्षणे आहेत. त्यांतले एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही.

तिसरा पुरावा जानेवारी २०२३मधला. रशियाच्या यांडेक्स या सर्च इंजिनचा कोड फुटला आणि त्यात क्रम ठरवणाऱ्या १,९२२ घटकांची यादी निघाली. पत्त्यातले अंक, तिरप्या रेघांची संख्या यांसारखे पत्त्याशी निगडित घटक त्यात होते. यादीतले बरेच घटक वापरातून गेलेले होते आणि यांडेक्सवरून गूगलबद्दल थेट अनुमान काढता येत नाही. पण सर्च इंजिन बांधणाऱ्यांना पत्त्याचे रूप अगदीच निरर्थक वाटत नाही, इतके त्यातून निश्चित कळते. मायक्रोसॉफ्टचे बिंगही स्वच्छ, अर्थपूर्ण पत्त्यांचा सल्ला देते. हजारो घटकांच्या गर्दीत पत्ता हा एक बारीकसा घटक आहे, एवढे म्हणणे पुराव्याला धरून होईल.

गंमत अशी की पत्त्याच्या ज्या भागाला गूगलने उघडपणे गुण दिले, त्यात शब्दच नव्हता. ६ ऑगस्ट २०१४ रोजी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, हा क्रम ठरवणारा संकेत म्हणून जाहीर झाला. तोही हलका : जगभरातल्या एक टक्क्याहून कमी शोधांवर परिणाम करणारा. जुलै २०१८पासून क्रोम ब्राउझर सुरक्षित नसलेल्या प्रत्येक साइटवर तसा शेरा दाखवू लागला, तेव्हा वाचकाच्या विश्वासाचा प्रश्न क्रमापेक्षा मोठा ठरला.

रेघ, लांबी, खोली, सबडोमेन

काही लहान वाद इथेच निकालात काढू. शब्द वेगळे करताना हायफन वापरावा, अंडरस्कोर नको, असे मॅट कट्स यांनी २००५मध्येच लिहिले होते. प्रोग्रॅमिंगमध्ये अंडरस्कोरने जोडलेले नाव हा एकच शब्द असतो, म्हणून गूगल तसे शब्द जोडूनच वाचत असे. आजही गूगलचा सल्ला हायफनचाच आहे. तरीही विकिपीडियाच्या एकाहून अधिक शब्दांच्या पत्त्यांत अंडरस्कोर असतो आणि असंख्य शोधांत विकिपीडिया पहिल्या काही निकालांत असते. सल्ला योग्य आहे, पण त्याचे वजन किती हे या एका उदाहरणाने कळते. नवी साइट बांधताना हायफन घ्यावा. केवळ त्यासाठी जुन्या साइटचे पत्ते बदलू नयेत.

पत्त्याच्या लांबीमुळे क्रम घसरत नाही, असे गूगलचे म्हणणे आहे. मात्र एकाच पानाचे दोन पत्ते सापडले तर त्यांतला आखूड, स्वच्छ पत्ता मुख्य म्हणून निवडण्याकडे त्याचा कल असतो. खोलीबद्दलही असाच गैरसमज आहे. पत्त्यात तिरप्या रेघा किती यापेक्षा मुखपृष्ठावरून त्या पानापर्यंत किती टिचक्यांत पोहोचता येते, हे महत्त्वाचे. पाच फोल्डरांच्या आत असलेल्या पानाचा दुवा मुखपृष्ठावर असेल तर गूगलच्या दृष्टीने ते ओसरीवरच आहे.

सबडोमेन की फोल्डर, हा वाद सर्वांत चिवट. दोन्ही चालतात, असे गूगलने २०१७मध्ये सांगितले. सबडोमेनवरचा मजकूर फोल्डरात हलवल्यावर वाचक वाढल्याचे अनुभव अनेक व्यावसायिक सांगतात. पण असे स्थलांतर करताना आतले दुवे, मांडणी, मजकूर असे बरेच काही एकाच वेळी सुधारले जाते आणि श्रेय कोणाला द्यायचे ते ठरत नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३पासून भाषेच्या सबडोमेनवरच आहे आणि त्यामुळे तिचे काही अडलेले नाही.

देशाच्या शेपटाचा मात्र खरा परिणाम आहे. डॉट इन घेतले की साइट भारतातल्या वाचकांसाठी आहे, असा संकेत जातो. कोल्हापूरच्या दुकानाला तो उपयोगाचा. न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मराठी वाचकांसाठी चालणाऱ्या साइटने मात्र तो घेण्याआधी विचार करावा.

एका पानाचे अनेक पत्ते

आता पत्त्याची रचना खरोखर इजा करते तिथे येऊ. समजा, येवल्याच्या पैठण्या विकणारी एक साइट आहे. तिच्यावर रंगाचे ८, किमतीचे ५, जरीचे ३ आणि मांडणीच्या क्रमाचे ४ पर्याय आहेत. प्रत्येक निवड पत्त्याला एक पॅरामीटर जोडते. चारही निवडी केल्या की ४८० पत्ते तयार होतात, दुकानात साड्या चाळीसच असल्या तरी. आधी रंग आणि मग किंमत, किंवा आधी किंमत आणि मग रंग, असा क्रम बदलल्यावर पत्ताही बदलत असेल तर हा आकडा कितीतरी पटींनी फुगतो. जाहिरातीतून आलेल्या वाचकाची नोंद ठेवणारी शेपटे जोडली की त्यावर आणखी भर.

याने दोन नुकसाने होतात. पहिले, क्रॉलरचा वेळ वाया जातो. जानेवारी २०१७मध्ये गूगलचे गॅरी इलिस यांनी याबद्दल सविस्तर लिहिले. लहान साइटना ही चिंता नसते. पण मोठ्या साइटवर असे निवडीचे पत्ते, सेशन क्रमांक आणि 'पुढचा महिना' दाबत राहिले की कधीच न संपणारी कॅलेंडरे क्रॉलरला अडकवून ठेवतात आणि खरी नवी पाने उशिरा वाचली जातात. दुसरे नुकसान पतीचे. एकाच पैठणीच्या पानाला तीन जणांनी तीन वेगवेगळ्या पत्त्यांवर दुवे दिले, तर तिघांची साक्ष तीन खात्यांत विभागते. वडगावची पत्रे तीन वडगावांत वाटली जावीत, तसेच हे.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. फेब्रुवारी २००९मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या एरवीच्या स्पर्धकांनी एकत्र येऊन 'कॅनॉनिकल' ही खूण स्वीकारली. पानाच्या कोडमध्ये एका ओळीत सांगायचे, की या मजकुराचा मूळ पत्ता हा. सर्च इंजिन तिला आज्ञा मानत नाही, सूचना मानते. म्हणून साइटच्या आतले दुवे, साइटमॅप (साइटवरच्या पत्त्यांची यादी) आणि ही खूण तिन्ही एकाच पत्त्याकडे बोट दाखवणारी हवीत. तीन साक्षीदारांनी तीन जबान्या दिल्या तर निवाडा गूगल स्वतःच्या मनाने करते.

हॅशची चूक याच्या उलट जातीची. हॅशनंतरचा भाग गूगल साधारणपणे दुर्लक्षित करते. एखाद्या साइटने प्रत्येक लेख केवळ हॅशच्या फरकाने दाखवला, तर शंभर लेखांचा पत्ता एकच ठरतो आणि नव्याण्णव लेख शोधात उरतच नाहीत. अशा पानांसाठी गूगलने २००९मध्ये एक पर्यायी पद्धत सुचवली होती. ती ऑक्टोबर २०१५मध्ये मोडीत काढली. नियम साधा आहे : एका मजकुराला एक पत्ता, आणि एका पत्त्यावर एकच मजकूर.

पत्ता बदलला की

'चांगले पत्ते बदलत नाहीत' या आशयाचे टिपण बर्नर्स-ली यांनी १९९८मध्येच लिहिले. बदलणारी कोणतीही गोष्ट पत्त्यात घालू नका, असे त्यांचे सांगणे : लेखकाचे नाव, विषयाचे वर्गीकरण, वापरलेल्या सॉफ्टवेअरचे शेपूट. सॉफ्टवेअर बदलते, विभागांची नावे बदलतात, माणसे जातात. हा सल्ला क्रमासाठी दिलेला नव्हता, तरी त्याहून उपयोगी सल्ला क्रमाबाबत आजवर कोणी दिलेला नाही. पत जमते ती पत्त्याच्या नावावर. पत्ता मोडला की खाते बंद पडते.

बदलणे अटळच असेल तर ३०१ क्रमांकाचा रीडायरेक्ट लावायचा. घर बदलताना टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन यावा तसा. रीडायरेक्टमध्ये काही पत गळते, असे पूर्वी मानत. आता गळत नाही, असे गॅरी इलिस यांनी २०१६मध्ये सांगितले. जुन्या पत्त्यावरची ही पाटी किमान एक वर्ष ठेवा, असा गूगलचा सल्ला आहे. मी म्हणेन, कायमची ठेवा. कारण पुस्तकात छापलेला, पत्रात लिहिलेला, कोणाच्या वहीत उतरवलेला दुवा एका वर्षात जुना होत नाही.

हे नुकसान किती व्यापक आहे पाहा. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४मध्ये जाहीर केले, की २०१३मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. हार्वर्डच्या अभ्यासकांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले जवळपास निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचत नसल्याचे आढळले होते. माझ्या संग्रहातही मराठी लेखांचे असे दुवे आहेत, जे साइटला नवे रूप दिल्याच्या दिवशी मेले. लेख नष्ट झालेले नाहीत, नव्या पत्त्यांवर ते असतीलही. पण वीस वर्षांत वाचकांनी त्यांच्याकडे दाखवलेली बोटे आता रिकाम्या भिंतीकडे वळली आहेत. हे मला मनापासून लागते, कारण नवे रूप देणाऱ्याने रीडायरेक्टची एक यादी केली असती तर यातले काहीच घडले नसते.

देवनागरी पत्ता

मराठी लेखकाला पडणारा प्रश्न वेगळाच असतो. पत्ता रोमनमध्ये लिहावा की देवनागरीत? गूगलचे मार्गदर्शन इथे स्पष्ट आहे. वाचकाच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरावेत आणि गरजेनुसार यूटीएफ-८ पद्धतीने ते सांकेतिक रूपात आणावेत. देवनागरी पत्त्याला क्रमात शिक्षा नाही. मराठी विकिपीडियाची पाने देवनागरी पत्त्यांवरच उभी आहेत.

अडचण आहे ती वेगळीकडे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन रोमन चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ होतात. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे. पत्त्यात ती छत्तीस होतात. 'महाराष्ट्र' लिहायला नव्वद लागतात. ब्राउझरच्या पट्टीत शब्द नीट दिसतो, पण तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ उमटते आणि पलीकडचा माणूस तो दुवा उघडायला बिचकतो.

वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या सॉफ्टवेअरवर याचा आणखी एक परिणाम होतो. त्यातल्या स्लगला २०० चिन्हांची मर्यादा आहे आणि ती या सांकेतिक रूपाला लागू होते. हिशेब केला तर देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हे मावतात. 'पैठणीच्या विणकामाचा इतिहास' असे शीर्षक दिले तर आपोआप बनणारा स्लग 'पैठणीच्या-विणकामाचा-इतिह' इथे तुटतो. क्रमाला याने धक्का लागत नाही, पण तुटका शब्द कायमचा पत्त्यात बसतो. प्रकाशित करण्याआधी स्लग हाताने आखूड केला की हे टळते.

दोन पत्ते सारखेच दिसून वेगळे असण्याचा धोकाही मराठीत खास आहे. 'दऱ्या' हा शब्द 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिता येतो, किंवा 'र'नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालूनही. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे पत्ते. एका कळफलकावर लिहिलेला दुवा दुसऱ्यावर टंकला तर पान सापडत नाही. आणि ते जोडचिन्ह गाळले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातून थेट समुद्रात. आपल्या साइटवर एकच पद्धत ठरवून पाळणे हाच त्यावर मार्ग.

रोमन लिपी तरी निर्दोष आहे का? 'काळ' आणि 'काल' तिच्यात एकच होतात, 'बाळ' आणि 'बाल'ही. 'वडापाव' व्हीने लिहावा की डब्ल्यूने, यावर दोन संपादकांचे एकमत होत नाही. तरीही रोमन पत्ता आखूड राहतो आणि निरोपांत मोडत नाही. माझा कौल असा : पत्ता मुख्यतः व्हॉट्सअॅपवर फिरणार असेल तर दोन-तीन शब्दांचा रोमन स्लग सोयीचा. ज्ञानकोश, शब्दकोश किंवा संग्रह असेल, जिथे शब्द हीच ओळख, तिथे देवनागरीच योग्य. दोन्हींत क्रमाचा फरक नाही, म्हणून निवड वाचकाच्या सोयीवर करावी आणि एकदा केली की मोडू नये.

डोमेनही देवनागरीत मिळते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' सुरू झाले तेव्हा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते खुले झाले. मराठी आणि कोंकणी त्यांत आहेत. आत मात्र ते नाव प्युनीकोड नावाच्या रोमन रूपातच साठवले जाते. क्रमात त्याला फायदा नाही, तोटाही नाही. आपल्या लिपीत आपल्या घराची पाटी लावण्याचा आनंद आहे आणि तोही मोलाचा आहे.

वाचकाची नजर

एक आडवळणाचा परिणाम उरतो. गूगलवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात ऑक्टोबर २०२३मध्ये कंपनीचे पांडू नायक यांनी 'नॅवबूस्ट' या यंत्रणेबद्दल साक्ष दिली. लोक कोणत्या निकालावर टिचकी मारतात याची तेरा महिन्यांची माहिती ती वापरते. मग वाचनीय पत्ता पाहून अधिक लोकांनी टिचकी मारली तर क्रम सुधारेल, असा तर्क कोणीही करेल. तर्क चूक नाही, पण पत्ता आता दिसतोच कितीसा? एप्रिल २०१५पासून मोबाइलवरच्या निकालांत पूर्ण पत्त्याऐवजी विभागांची साखळी दिसू लागली आणि जानेवारी २०२५मध्ये तीही काढून फक्त डोमेन ठेवले गेले. वाचक साइटचे नाव ओळखून टिचकी मारतो. ते नाव विश्वासाचे व्हायला वर्षे लागतात.

आढाव्याचा निष्कर्ष

सगळे पुरावे एका ताटात मांडले तर हिशेब असा लागतो. पत्त्यातले शब्द, हायफन, लांबी आणि फोल्डरांची खोली यांचा क्रमावर परिणाम नगण्य किंवा फार थोडा. एचटीटीपीएस आणि देशाचे शेपूट यांचा परिणाम मर्यादित पण निश्चित. एका पानाचे अनेक पत्ते, अनेक पानांचा एक पत्ता आणि रीडायरेक्टशिवाय बदललेला पत्ता, या तीन गोष्टींचा परिणाम मोठा, कारण त्या कमावलेली पत विखरून टाकतात किंवा बुडवतात.

यातून नव्या साइटसाठी कामाची यादी लहानच निघते. आखूड, वाचता येणारे, हायफनने जोडलेले शब्द घ्यावेत. तारखेला किंवा विभागाला पत्त्यात जागा देण्यापूर्वी तो विभाग दहा वर्षांनी असेल का, हे स्वतःला विचारावे. पॅरामीटर कमी ठेवावेत आणि कॅनॉनिकल खूण लावावी. जुन्या साइटसाठी यादी याहूनही लहान आहे : चालत असलेला पत्ता क्रमाच्या आशेने कधीही बदलू नये.

बाकी वेळ आणि पैसा मजकुरावर लावावा. मराठी हा धडा एकदा मोठी किंमत मोजून शिकली आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या काळात आपले किती तरी लेखन खास फॉन्टांमध्ये वेबवर चढले. त्याचे पत्ते स्वच्छ असोत की वेडेवाकडे, आतला मजकूरच सर्च इंजिनला अगम्य होता, म्हणून ते शोधात कुठेच आले नाही. वेलणकरांच्या सहा अंकांनी पत्र दारात नेऊन दिले, पण ते उघडून वाचावेसे वाटायला लिहिणारा लागतो. आणि उत्तर पाठवायला वाचक वळेल, तेव्हा घर त्याच जागी असायला हवे.